चढावरची टिकटिक

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो. मग सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे नजर गेली आणि हसू तोंडातच राहिलं.

सांगणारा माझा आतेभाऊ, फरदीन. वडूजला राहतो. भुताखेतांचा विषय निघाला की टर उडवण्यात हा सगळ्यांच्या पुढे. आमच्यातलं कुणी अंधाराला घाबरलं तर वर्षभर त्याची खेचणार. असल्या माणसाने स्वतःहून तोंड उघडलं, म्हणजे घडलं असल्याशिवाय नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रविवार होता. वेळ दिवेलागणीच्या जरा आधीची. रस्ता मायणीकडून वडूजला येणारा, पण हमरस्ता नव्हे, आतला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे माणसं राहतात, त्यांच्या लेकीबाळी संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी येतात.

फरदीन त्या रस्त्याने सायकलवर येत होता. मागे त्याची धाकटी बहीण होती, समीना.

निदान त्याला तसंच वाटत होतं...

आता समीनाचं थोडं सांगायला हवं. या पोरीला सायकलचं वेड लागलं ते फरदीनमुळेच. शाळेत असताना तो जिल्ह्याच्या शर्यती मारायचा. पुढे गुडघ्याने दगा दिला आणि तो वडिलांच्या गादीच्या दुकानात बसला. पण त्याची सायकल बहिणीने उचलली आणि अशी पळवली की भाऊ बघत राहिला. त्याच महिन्याच्या शेवटी तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. तिच्यासाठी ते सगळं काही होतं. जेवताना तोच विषय, झोपेत तोच विषय.

तिचे वडील, म्हणजे आमचे पीरमहंमद फुफाजी, मनातून खूश होते. पण वरून दाखवतील तर शपथ.

"जाताना दोगं, येताना दोगं," ते फरदीनला बजावायचे. "पोरगी एकटी रस्त्यावर दिसली, तर सायकल माळ्यावर चढंल. मग तिची ती चाचणी गेली उडत. कळलं का रं?"

"व्हय अब्बा."

म्हणून दर रविवारी फरदीन दुखरा गुडघा बांधून तिच्यासोबत निघायचा.

त्या रविवारी दोघं विट्यापर्यंत गेली. जाताना नुसती मजा. तो मुलूखच तसा आहे, एक चढ संपतो न संपतो तोच उतार, उताराच्या पायथ्याशी ओढा, ओढ्यापलीकडे पुन्हा चढ. दोन्ही बाजूंना कंबरेइतका शाळू. लांबच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग. समीना उतारावर हँडल सोडून हात पसरायची आणि फरदीन मागून शिव्या घालायचा.

परतताना मात्र वारा समोरून आला.

वाऱ्याविरुद्ध सायकल मारायची सायकलवाल्यांची एक पद्धत असते. एकामागे एक चालायचं. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि मागच्याने त्याच्या आडोशाला राहायचं, जवळजवळ चाकाला चाक लावून. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही. त्याने खाली मान घालून फक्त पुढच्या सायकलचं चाक बघायचं. खड्डा आला की पुढचा माणूस हात खाली करून बोटाने दाखवतो. डावीकडे खड्डा तर डावा हात, उजवीकडे तर उजवा. मागचा आपला जीव त्या हातावर सोपवून देतो.

यातला एक नियम फरदीन कधी मोडत नसे. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं आणि मागचा येऊन आदळतो. असंच एकदा आदळून त्याचा स्वतःचा खांदा निखळला होता. तेव्हापासून तो बघत नाही, विचारतो.

"हायस का गं?"

"हाय भाई."

एवढं झालं की पुढे चला.

मायणी मागे पडली. हमरस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर फार, म्हणून दोघं आतल्या रस्त्याला लागली. या रस्त्याला पुढे एक फाटा फुटतो. उजवीकडचा चढ चढून वडूजकडे जातो. डावीकडचा खाली उतरतो. फरदीन उजवीकडे वळला. वळताना त्याने नेहमीप्रमाणे उजवा हात लांब करून दाखवला.

"हायस का गं?"

"हाय भाई."

चढ लागला. ऊन डाव्या अंगाला आलं होतं, पिवळं, थंड. शाळवावर पाखरं राखणाऱ्या माणसांचे हाकारे मघापर्यंत ऐकू येत होते. ते थांबले. पाखरांचाही आवाज थांबला. वारा तेवढा कानात भरलेला.

आणि मागून येणारी टिकटिक...

ही टिकटिक म्हणजे काय ते सांगतो. ज्याने कधी सायकल चालवली असेल त्याला माहीतच असेल. पायडल मारायचं थांबवलं आणि सायकल नुसती घरंगळू दिली की मागच्या चाकातून टिकटिक येते. पाय मारायला लागलं की ती बंद. समीनाच्या सायकलची टिकटिक जरा मोठीच होती. ती गल्लीच्या तोंडाशी आली की घरात तिची आई, आमची फुफी, चहाचं आधण ठेवायची.

फरदीनला तो आवाज इतका सवयीचा होता की आधी काही वाटलंच नाही. बहीण मागे आहे, सायकल वाजते आहे.

तो चढत राहिला. गुडघा ठणकत होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. जीव खाऊन पायडल मारावं तेव्हा कुठे सायकल हातभर पुढे सरकत होती.

मागे टिकटिक चालूच.

टिक टिक टिक टिक...

आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ते तर चढावर होते.

चढावर पाय थांबवले तर सायकल जागच्या जागी थांबते, आडवी होते. आणि मागची सायकल तर पाय न हलवता वर येत होती. त्याच्याच वेगाने. त्याच्या चाकाला चाक लावून.

त्याने स्वतःची समजूत घातली. साखळी सुटली असेल. वाऱ्यात आवाज वेडेवाकडे येतात.

"दमलीस का गं?" त्याने विचारलं. आवाज त्याचाच त्याला परका वाटला.

"न्हाई भाई."

आवाज समीनाचा. अगदी तिचाच. पण एवढ्या चढावर दोन शब्द बोलायलाही माणसाला धाप लागते. तिला लागली नव्हती. घरात पाटावर बसून बोलावं तशी ती बोलली होती.



नियम मोडायचा नाही म्हणून त्याने मान वळवली नाही. नुसती नजर उजवीकडे टाकली. ऊन डावीकडून येत होतं, त्यामुळे सावल्या उजवीकडच्या शाळवावर पडत होत्या, लांबच लांब. त्याची सावली होती. सायकलची होती. फिरणारी चाकंसुद्धा दिसत होती.

त्याच्या मागे दुसरी सावली नव्हती...

आणि तेवढ्यात मागची ती पुन्हा बोलली. काय बोलली, ते त्याने तेव्हा कुणाला सांगितलं नाही. फरदीनने तोंडातल्या तोंडात काहीतरी उत्तर दिलं. सवयच तशी होती.

मग त्याने ब्रेक दाबला, पाय टेकला आणि वळून बघितलं.

रस्ता मोकळा होता.

खाली फाट्यापर्यंत सगळा रस्ता दिसत होता. त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. टिकटिक बंद झाली होती.

"समे!" तो ओरडला. "ए समे!"

काही नाही. त्याने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तीच बाई तेच सांगत राहिली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती वगैरे. मागे काय होतं, कोण बोललं, हे सगळं त्याच्या डोक्यातून पुसून गेलं. एकच उरलं. बहीण कुठे आहे?

त्याने सायकल फिरवली आणि उतारावर सोडून दिली. ब्रेकला हात लावला नाही.

फाट्यावर एक म्हातारा माणूस मोटारसायकलवर कडब्याच्या पेंढ्या बांधत होता. आकाराम त्याचं नाव, हे नंतर कळलं. फरदीन त्याच्यापुढे जाऊन धडपडतच थांबला.

"आवं तात्या, इकडनं सायकलवर पोरगी गेलेली बघितली का? हेल्मेट हाय डोक्यावर. निळं जाकीट."

"बघितली की," आकाराम दोरी आवळत म्हणाला. "आत्ताच तर गेलासा तुमी सगळी."

"सगळी? आमी दोगंच हाय."

म्हाताऱ्याने दोरी सोडली. फरदीनकडे नीट बघितलं.

"चौगं हुता की रं," तो म्हणाला. "दोगं वर गेली चढाला. दोगं खाली गेली. वरच्या जोडीत म्होरं तू हुतास. आन् खालच्या जोडीत..."

तो थांबला. त्याने फरदीनच्या लाल जाकिटाकडे बघितलं, मग खालच्या रस्त्याकडे.

"खालच्या जोडीत बी म्होरं तूच हुतास."



"ह्यो खालचा रस्ता कुठं जातुया?"

"कुठं जायाचाय? पाण्यात," आकाराम म्हणाला. "जुना रस्ता हाय त्यो. तलाव झाला तवा बुडाला. लय उतार हाय गड्या, आमी जनावरं बी न्हेत न्हाई तिकडं. अरं, ती पोरगी हाय का कोन तुझी?"

उत्तर द्यायला फरदीन तिथे थांबलाच नाही.

समीनाला पोहता येत नव्हतं. विहिरीच्या काठावरसुद्धा ती उभी राहायची नाही. तिला काय येत होतं? पुढच्या चाकावर नजर ठेवून खाली मान घालून जाणं. आणि ते तिला त्यानेच शिकवलं होतं. वर बघायचं नाही, रस्ता बघायचं काम माझं, तू फक्त माझं चाक धर. शेकडो वेळा सांगितलं होतं. ती त्या चाकामागे सरळ पाण्यात जाईल आणि पाणी नाकात जाईपर्यंत वर बघणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

रस्त्याचं डांबर ठिकठिकाणी उखडलेलं. दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी. सायकल खडखडत, उडत चालली होती. तो बहिणीचं नाव घेत होता, अल्लाचं नाव घेत होता, दोन्ही एकत्र झालं होतं. मावळतीचं ऊन बाभळींच्या आड गेलं. वळण आलं. वळणाच्या पुढे एकदम मोकळं झालं आणि समोर पाणी दिसलं.

काळंभोर. हलत नव्हतं. वरच्या अंगाला एवढा वारा, आणि पाण्यावर एक सुरकुती नाही.

रस्ता सरळ त्यात उतरला होता.

आणि पाण्यापासून दोन हातांवर समीना उभी होती. एक पाय टेकलेला. दोन्ही ब्रेक मुठीत गच्च आवळलेले. पाठमोरी.

फरदीनने हाक मारली. ती वळली नाही.

त्याने पुन्हा हाक मारली, तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "तू खराच हायस का?"

त्याने सायकल टाकली आणि जाऊन तिला धरलं. तिचे हात ब्रेकवरून सोडवायला त्याला एकेक बोट उचलावं लागलं. मग तो रडला. एवढा मोठा बाप्या, त्या पाण्याच्या काठावर लहान पोरासारखा रडला. हे त्याने स्वतः मला सांगितलं, लाजला नाही.

समीनाने जे सांगितलं ते असं. फाट्याच्या बरंच अलीकडे तिची साखळी पडली. ती ओरडली, "भाई, थांब!" वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसणार. तिने साखळी चढवली आणि वर बघितलं तर भाऊ थोडा पुढे, हळूहळू जात तिची वाट बघत होता. लाल जाकीट, पांढरं हेल्मेट, गुडघ्याला पट्टा. तिने जाऊन चाक धरलं. तो डावीकडे वळला तेव्हा तिला जरा नवल वाटलं, पण जवळचा रस्ता असेल म्हणून ती गप्प राहिली.

उतार लागला. वेग वाढला.

आणि तिचं चाक खड्ड्यात आपटलं.

"मी म्हनलं, अरं भाई, हात तरी दाखव की! लक्ष कुठं हाय?" ती सांगत होती. "तर तू काईच बोलला न्हाईस. फुडं पुन्हा खड्डा. पुन्हा आपाटले. हात न्हाई, बोट न्हाई."

फरदीन म्हणजे रस्त्यावर गोवरीएवढा खळगा असला तरी हात दाखवणारा. समीना यावरून त्याला चिडवायची. बारा वर्षांची होती तेव्हापासून ती त्याच्या मागे चालवत आली आणि एकदाही, अगदी एकदाही, त्याने तिला न सांगता खड्ड्यात जाऊ दिलं नव्हतं.

"तिसऱ्या खड्ड्याला मला कळलं," ती म्हणाली. "ह्यो माझा भाऊ न्हाई."

तिने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल घसरत गेली आणि थांबली. तिने वर बघितलं.

पुढे कुणी नव्हतं. पाणी होतं.

कुणी पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. पाणी हललंसुद्धा नाही.

फरदीनने तिला मागे ओढलं आणि तेव्हाच त्याची नजर रस्त्यावर गेली. कोरड्या डांबरावर ओले माग होते. सायकलच्या टायरचे. बारीक, सरळ. पाण्यातून निघून वर फाट्याच्या दिशेने गेलेले...

एक नाही. दोन.

दोघं बघत असतानाच ते वाळत गेले.

सायकली हातात धरून दोघं चालत वर आली. आकाराम फाट्यावरच होता, मोटारसायकलचा दिवा त्या रस्त्याकडे लावून. समीनाला बघून त्याने हात जोडले. कुणाला जोडले कोण जाणे. फरदीनने त्याला विचारलं, इथे पूर्वी कुणी बुडालं होतं का? भाऊबहीण? म्हातारा बराच वेळ आठवत राहिला.

"न्हाई बा," तो म्हणाला. "माझा जलम गेला हितं. असं कायबी झाल्यालं न्हाई."

ते ऐकून फरदीनला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

फरदीनने फोन केल्यावर फुफाजी दुकानाचा टेम्पो घेऊन आले. पोरीकडे बघितलं, पोराकडे बघितलं. सायकली मागे टाकल्या. सायकल माळ्यावर जाईल, असं काही बोलले नाहीत. समीनाने चाचणी दिली. तिची निवडही झाली. आता ती सरावासाठी पुण्यात बालेवाडीला असते. फोनवर हसते, बोलते. त्या संध्याकाळचं नाव काढलं तर विषय बदलते, पण तेवढंच.

फरदीनचं मात्र काहीतरी बिनसलं. त्याने सायकल विकून टाकली. आधी मला वाटलं, भीती. बहीण थोडक्यात वाचली, माणूस हबकणारच.

गेल्या ईदला आम्ही दोघंच त्यांच्या गच्चीवर बसलो होतो, तेव्हा त्याने उरलेलं सांगितलं. चढावर, वळून बघायच्या आधी, मागची ती त्याला काय म्हणाली ते.

ती म्हणाली होती, "भाई, मला घरी न्हेशील न्हवं?"

आणि फरदीनने, सावली नाही हे दिसत असताना, अर्धं भान गेलेलं असताना, सवयीने उत्तर दिलं होतं, "न्हेतो की गं. तुला सोडून जातोय व्हय?"

"अजमल," तो मला म्हणाला, "ज्यो फुडं हुता त्यानं माझ्या भैनीला बुडवाया न्हेलं. त्याचं मला भ्या न्हाई, राग हाय. पर ही मागची काय म्हनली? घरी न्हे म्हनली. कुनाची तरी भैन आसंल. आन् मी व्हय म्हनलो तिला."

मी म्हटलं, अरे, तू समीनाला म्हणालास ते. समीनाला घरी आणलंस. झालं.

त्याने मान हलवली.

"तू सांग मला," तो म्हणाला. "तिला मी तितंच ठिवून आलो, का संगं घिऊन आलो?"

खाली घरात फुफी एकटीच होती. समीना तेव्हा बालेवाडीलाच होती. स्वयंपाकघरातून फुफी कुणाशी तरी बोलत असल्यासारखा आवाज येत होता, मायेने, हळू. फोनवर असेल, असं मी म्हटलं. फरदीनने माझ्याकडे बघितलं नाही. फुफीचा फोन गच्चीवर, आमच्या दोघांच्या मध्ये, चार्जिंगला लावलेला होता.

परवा फुफीने रात्री जेवायला बोलावलं होतं. मी दुपारीच जाऊन आलो.